कडेचं काम

दोस्तांनो, हे पान तुम्ही अभ्यासाच्या टेबलाशी बसून वाचत असाल, तर आधी एक काम करा. टेबलाच्या पुढच्या कडेवरून अंगठा फिरवा. गुळगुळीत लागली ना? आता तोच हात मागच्या, भिंतीकडच्या कडेवर न्या. पण जरा जपून हं! तिथे बहुधा खरखरीत लागेल, आणि एखादं कुसळ बोटात जायचं. फळी एकच, पण तिची एक कड माणसाच्या हातासाठी केलेली आणि दुसरी भिंतीच्या भरवशावर सोडून दिलेली!

आज मी तुम्हाला या कडांचीच गोष्ट सांगणार आहे. माझ्या भाचीने घरच्या घरी एक व्हिडिओ गेमचं कपाट बनवलं. तसं म्हटलं तर ते बनवून झालंही होतं. पडदा लागत होता, बटणं चालत होती, आवाज येत होता. राहिल्या होत्या त्या फक्त कडा. आणि त्या कडांपायी ते कपाट जवळजवळ महिनाभर गॅलरीत चादर पांघरून उभं होतं.

पण व्हिडिओ गेमचं कपाट म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. तुमच्यासाठी गेम म्हणजे मोबाइल. आईबाबांना किंवा मामा-काकांना विचारून बघा. १९९०च्या दशकात शहरांत आणि मोठ्या गावांत व्हिडिओ गेमची पार्लरं असत. अंधारा गाळा आणि त्यात ओळीने उभी कपाटं. कपाटाच्या वरच्या भागात टीव्हीसारखा पडदा, त्याखाली हात टेकायला एक उतरती फळी, तिच्यावर एक दांडी आणि रंगीत बटणं. फटीतून नाणं टाकायचं आणि खेळायचं. जपानच्या कॅपकॉम कंपनीचे १९९१ सालचा 'स्ट्रीट फायटर टू' आणि १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हे गेम आपल्याकडे फार चालत. दुसऱ्याचं खरं नाव फारसं कुणाला ठाऊकच नसायचं. त्यातल्या एका वीराचं नाव मुस्तफा, म्हणून पोरं त्या गेमलाच 'मुस्तफा' म्हणत!

ही कपाटं मुळात अमेरिकेतली. तिथे १९७१ साली 'कॉम्प्युटर स्पेस' नावाचा नाणं टाकून खेळायचा गेम निघाला. त्याचं कपाट फायबरग्लासचं होतं, छान वळणदार. पुढच्याच वर्षी, १९७२मध्ये, अटारी कंपनीचा 'पाँग' आला. त्याचा पहिला नमुना कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेल गावी एका बारमध्ये ठेवला होता. थोड्याच दिवसांत यंत्र बंद पडल्याचा निरोप आला. ते बनवणारे इंजिनियर ॲलन अल्कॉर्न धावत गेले, उघडून पाहतात तो काय, नाण्यांचा डबा काठोकाठ भरून नाणी अडकलेली! मग १९७८ साली जपानमधून 'स्पेस इनव्हेडर्स' आला, १९८०मध्ये 'पॅकमॅन' आला, आणि अशी कपाटं हजारोंनी बनू लागली. फायबरग्लास मागे पडलं आणि प्लायवूडची किंवा लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांची कपाटं रूढ झाली. फळ्या आल्या म्हणजे कडा आल्या. दिवसभरात शेकडो हात ज्यावर टेकणार, अशा कडा!

माझी भाची तेव्हा नववीत होती. तिला पार्लर पाहायला मिळालेलं नाही, पण माझ्याकडून वर्णनं ऐकून तिच्या डोक्यात ते कपाट बसलं. घरात एक जुना मॉनिटर पडून होता. त्याला तिने 'रास्पबेरी पाय' जोडला. हा २०१२ साली इंग्लंडमध्ये निघालेला, पत्त्याच्या पानाएवढा संगणक. जुने गेम त्या त्या कंपन्यांच्या मालकीचे, ते कुठून तरी उतरवून घेणं बरं नव्हे. म्हणून पठ्ठीने पायथन भाषा शिकून स्वतःचाच गेम लिहिला. चिंचेच्या झाडावर दगड मारायचे आणि चिंचा पाडायच्या. पण झाडावर मधमाश्यांचं पोळंही आहे. दगड पोळ्याला लागला की संपला खेळ!

कपाटाची रचना तिने चौकटीच्या कागदावर काढली. पाच फूट उंच, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. १८ मिलिमीटर जाडीचं प्लायवूड आणलं. कापाकापी आमच्या गल्लीच्या तोंडाशी दुकान असलेल्या सुतारकाकांनी करून दिली. बाकी स्क्रू पिळणं, बटणांच्या तारा जोडणं हे सगळं तिचं. विजेची २३० व्होल्टची जोडणी मात्र तिच्या बाबांनी वायरमनला बोलावून करून घेतली. दिवाळीच्या सुटीत गेम सुरू झाला. शेजारची पोरं रांगा लावून खेळली. आणि त्याच गर्दीत तिचा धाकटा भाऊ, वय वर्षं तीन, दोन्ही हातांनी कपाटाची बाजूची कड धरून वर बघायला गेला. तळहातात चांगलं अर्ध्या इंचाचं कुसळ घुसलं.

मग काय, रडारड, सुई, हळद. कुसळ निघालं, पण छोटा त्या दिवसापासून कपाटाच्या जवळ फिरकेना. "तोचनालं कपात!" म्हणून लांबूनच बोट दाखवायचा. ताईने, म्हणजे माझ्या बहिणीने, हुकूम काढला, "हे गॅलरीत जाईल. कडा नीट होतील तेव्हाच घरात येईल."

भाची हिरमुसली. पुढच्या रविवारी मी गेलो, तर माझ्याकडे तक्रार. "मामा, गेम चालतोय ना? मग कडांचं एवढं काय? थोडा काचकागद मारते की. आणि आता माझी चाचणी परीक्षा पण आहे."

ताईने काही उत्तर दिलं नाही. तिने छोट्याला भिंतीशी उभं केलं आणि पेन्सिलने त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर खूण केली. मग टेप भाचीच्या हातात दिला. "मोज." खूण भरली ८५ सेंटीमीटरवर. "आता तुझ्या कपाटाची हात टेकायची फळी मोज. पुढची कड." ती भरली ८६ सेंटीमीटर.

भाची काही क्षण टेपकडेच बघत राहिली.

दोस्तांनो, यात नवल काही नाही. मोठ्या माणसाला उभं राहून खेळता यावं, म्हणून ही फळी साधारण तीन फुटांच्या आसपास ठेवतात. आणि तीन वर्षांच्या मुलाची उंची साधारण ९५ सेंटीमीटर असते, म्हणजे तीन फुटांहून थोडीच जास्त. जो कोपरा तुमच्या-माझ्या कमरेला लागतो, तोच घरात पळणाऱ्या छोट्याच्या थेट डोळ्यापाशी येतो. आता शाळेतलं विज्ञान आठवा. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. मूल तेवढ्याच जोराने आपटलं, पण टोकदार कोपऱ्याचा एक चौरस मिलिमीटर भाग लागला की एक चौरस सेंटीमीटर गोलाई लागली, यात दाबाचा फरक शंभर पटींचा! एकात टेंगूळ येईल. दुसऱ्यात काय होईल, ते लिहायलाही नको.

परीक्षा झाल्यावर भाची आपणहून सुतारकाकांच्या दुकानात गेली. मीही बरोबर होतो. काकांनी प्लायवूडचा एक तुकडा उचलून तिच्यासमोर उभा धरला. "वरून बघू नको पोरी, बाजूने बघ. काय दिसतंय?"

बाजूने पाहिलं की प्लायवूडचं गुपित कळतं. पातळ पातळ पापुद्रे एकावर एक चिकटवलेले असतात. एका पापुद्र्याचे लाकडी धागे उभे, तर त्याखालच्याचे आडवे. अशी पाळीपाळीने मांडणी असल्यामुळे फळी सहजासहजी वाकत नाही की तडकत नाही. पापुद्र्यांची संख्या बहुधा विषम असते, म्हणजे दोन्ही बाहेरच्या पापुद्र्यांचे धागे एकाच दिशेने राहतात आणि फळी सरळ राहते. पण कडेला या मांडणीचं टोक उघडं पडतं. एकाआड एक पापुद्र्याचे कापलेले धागे तिथे बाहेर आलेले असतात. झाडाच्या जिवंतपणी याच धाग्यांतून पाणी वर चढत होतं. त्या बारीक बारीक नळ्याच आहेत. त्यामुळे कड पाणी पिते, रंग पिते, आणि हात फिरवला की कुसळंही देते. एमडीएफची फळी, म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेली, ती कुसळ देत नाही. पण तिचीही कड पृष्ठभागापेक्षा जास्त पाणी पिते आणि फुगून बसते.

"गिऱ्हाईक कपाट लांबून बघतं," काका म्हणाले, "पण हात लावतं तो कडेला. आता तुला काय करायचंय ते ठरव."

कडेला झाकायच्या चार रीती आहेत. तुम्हालाही कधी उपयोगी पडतील, म्हणून सांगतो.

पहिली सगळ्यात स्वस्त. कडेला पुट्टी, रंगारी जिला लांबी म्हणतात ती, भरायची. वाळली की काचकागद मारायचा, पुन्हा भरायची, पुन्हा घासायची आणि वर ऑइलपेंट द्यायचा. दिसायला छान, पण धक्का लागला की टवका उडतो.

दुसरी रीत पीव्हीसीच्या टेपची. हल्लीच्या बहुतेक ऑफिसच्या टेबलांना आणि स्वयंपाकघरातल्या कपाटांना हीच असते. कारखान्यात मशीनवर गरम गोंदाने ती चिकटवतात. घरी करायची तर टेपला आणि कडेला दोन्हीकडे रबरी गोंद लावायचा, जरा सुकू द्यायचा आणि मग दाबून बसवायची. टेप फळीपेक्षा थोडी रुंद असते. उरलेला भाग पात्याने तासून काढायचा. पण पातळ टेपने कोपऱ्याचा टोकदारपणा काही जात नाही.

तिसरी रीत आपल्या सुतारांची आवडती. सागवानाची बारीक पट्टी कडेला गोंद आणि बिनडोक्याचे खिळे वापरून ठोकायची आणि मग रंध्याने, काचकागदाने गोल करायची. तिला बीडिंग पट्टी म्हणतात, कुणी लिपिंग म्हणतात. जुन्या घरांतल्या टेबलांना ती अजून घट्ट दिसेल. काकांचा कौल अर्थातच हिला.

चौथी रीत अमेरिकन गेम-कपाटांची, आणि भाचीने तीच वाचून ठेवली होती. तिला टी-मोल्डिंग म्हणतात. प्लास्टिकची लांबच लांब लवचीक पट्टी. आडवी कापून पाहिली तर इंग्रजी टी अक्षरासारखी दिसते. टीचा वरचा आडवा भाग कडेवर झाकणासारखा बसतो, आणि मधला दांडा फळीच्या कडेत कोरलेल्या खाचेत घुसतो. त्या दांड्याला माशाच्या गळासारखे उलटे काटे असतात. आत जाताना सहज जातो, बाहेर येताना अडतो. त्यामुळे गोंदही नको, खिळाही नको!

"गोंदाशिवाय?" काकांनी भुवया वर केल्या. "पोरं ओरबाडून काढतील."

"काढली तर दुसरी बसवता येईल, काका," भाची म्हणाली. "नाणी टाकून खेळायच्या कपाटांना रोज इतके धक्के लागायचे. घासली, फाटली की जुनी पट्टी ओढून काढायची आणि नवी ठोकायची. फळीला काही होत नाही. आणि ती जरा मऊ असते. सागवान मऊ नसतं ना?"

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खाच मी कोरून देतो. बाकी तू बघ."

पट्टी आमच्या गावातल्या हार्डवेअरच्या दुकानांत मिळाली नाही, बाहेरून मागवावी लागली. ती यायच्या आधी किती लागेल ते मोजायला हवं होतं. वळणावळणाची कड टेपने कशी मोजणार? भाचीने सुतळी घेतली, कडेकडेने चिकटपट्टीने बसवत नेली आणि मग सुतळीच सरळ करून मोजली. तळाची कड सोडून एका बाजूला बारा फूट. दोन बाजू म्हणजे चोवीस. हात टेकायच्या फळीला चार. असे अठ्ठावीस. मागवली तीस. दोन फूट जादा.

कोपरे गोल करायचे होते. टोकदार कोपऱ्यावरून ही पट्टी वळतच नाही. गोलाई आखायला कंपासच्या आधी ताईची बांगडी हाताशी आली. तिचं माप दोन-सहा. बांगडीवालीला हे माप सांगतो, पण त्याचा अर्थ किती जणांना ठाऊक असतो? दोन-सहा म्हणजे आतला व्यास दोन इंच आणि वर सहा सोळांश इंच, म्हणजे पावणेदोन नव्हे की अडीच नव्हे, २.३७५ इंच! त्याची त्रिज्या जवळजवळ तीन सेंटीमीटर होते. बांगडीच्या आतून पेन्सिल फिरवून भाचीने प्रत्येक कोपरा आखला. काकांनी बारीक करवतीने तो कापला आणि कानशीने साफ केला.

मग जाडीचा प्रश्न आला, आणि मला त्यातलं गणित फार आवडलं. ही पट्टी अमेरिकन मापाची, पाऊण इंच रुंद. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलिमीटर. आणि आपली फळी १८ मिलिमीटरची. पट्टी नेमकी मध्यावर बसवली, तरी दोन्हीकडे अर्धा अर्धा मिलिमीटर बाहेर राहणार. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण त्या ओठात कपडा अडकतो, नखही अडकतं. भाची वहीत आकडे मांडत बसली होती. काकांनी नुसतं विचारलं, "बाहेरून मायका लावणार आहेस की नाही?" मायका, म्हणजे वर चिकटवायचा रंगीत पत्रा, बरोबर एक मिलिमीटर जाडीचा! अठरा अधिक एक, एकोणीस. आधी मायका चिकटवायचा, मग खाच कोरायची. आणि खाचेचा मध्य नुसत्या फळीच्या नऊ मिलिमीटरवर न धरता मायक्यासकट साडेनऊवर धरायचा. काकांच्या तोंडून हे सहज निघालं, वही न उघडता!

खाच कोरायचं काम राउटर मशीनचं. त्याला चाकासारखं एक पातळ पातं लावतात. पातं १.६ मिलिमीटर जाडीचं, म्हणजे एका इंचाचा सोळावा भाग. खाच याहून रुंद झाली तर पट्टीचे काटे पकड घेत नाहीत, अरुंद झाली तर दांडा शिरत नाही. पात्याला जोडलेलं बेअरिंग फळीच्या कडेवरून फिरतं, त्यामुळे गोल कोपऱ्यावरही खाच सारख्याच खोलीची पडते. हे पातं मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे घेतं. म्हणून ते मशीन काकांनीच चालवलं, आणि भाची डोळ्यांवर गॉगल, तोंडावर मास्क लावून दोन हात लांब उभी राहिली. मास्क शोभेचा नव्हे बरं का. लाकडाची बारीक धूळ फुफ्फुसांना वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगावर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९९५ सालीच तिची गणना कर्करोगाला कारण ठरणाऱ्या गोष्टींत केली आहे. काकांनी आधी रद्दी तुकड्यावर खाच कोरली, पट्टीचा छोटा तुकडा ठोकून पाहिला, मान डोलावली आणि मगच कपाटाच्या फळीला हात घातला. बाहेरच्या कडेने मशीन नेताना ते घड्याळाच्या काट्यांच्या उलट नेत होते. का, असं भाचीने विचारलं. "पातं ज्या बाजूला फिरतं, त्याच्या समोरून फळी यायला पाहिजे. त्याच्याबरोबर पळायला गेलं तर मशीन हातातून निसटतं."

त्यानंतरचा सगळा रविवार भाचीचा. पट्टी आधी उन्हात पसरून ठेवली, म्हणजे ती नरम होते. सुरुवात कपाटाच्या मागून, तळाशी केली. कारण पट्टीची दोन टोकं जिथे येतील ती जागा कुणाला दिसू नये आणि कुणाच्या हाताला लागू नये. दांडा खाचेवर धरायचा, बोटाने दाबायचा आणि रबरी हातोड्याने हलके हलके ठोकत पुढे जायचं. सरळ कडेवर काम झरझर झालं.

खरी गंमत कोपऱ्यांवर. बाहेरच्या गोल कोपऱ्यावर पट्टी वळली की तिचा दांडा आतल्या बाजूला येतो. आतल्या बाजूला जागा कमी, त्यामुळे दांडा गोळा होतो आणि पट्टी फुगते. मग काय करायचं? दांड्यातून इंग्रजी व्ही अक्षरासारखे छोटे तुकडे कापून काढायचे. कंगव्याचे दात काढल्यासारखे! किती? तीन सेंटीमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा चौथा भाग म्हणजे सुमारे ४.७ सेंटीमीटर. दर अर्ध्या सेंटीमीटरला एक, म्हणजे नऊ तुकडे. पडदा आणि हात टेकायची फळी जिथे भेटतात, त्या आतल्या कोपऱ्यात मात्र उलटा प्रकार. तिथे दांडा ताणला जातो. म्हणून तुकडे काढायचे नाहीत, नुसते काप द्यायचे. ताणलं की ते आपोआप उघडतात. भाचीने हे आधी कागदाच्या पट्टीवर करून पाहिलं. तुम्हीही करून बघा, दोन मिनिटांत कळेल.

तळाच्या कडेला पट्टी नव्हती. पण म्हणून ती उघडी ठेवून चालणार नव्हतं. आपल्या घरात रोज लादी पुसतात. पुसल्यावर राहिलेलं पाणी तळाच्या कडेने वर चढतं आणि दोन पावसाळ्यांत पापुद्रे सुटायला लागतात. तिथे ऑइलपेंटचे दोन हात दिले आणि चार कोपऱ्यांना रबरी पाय बसवले. जी कड कुणी बघणार नाही, तिलाही भाचीने तेवढाच वेळ दिला. मला वाटतं, त्या दिवशी मी तिच्यावर सगळ्यात खूश झालो तो तिथेच.

संध्याकाळी ताई आली. तिने कपाटाकडे पाहिलं, बोलली काही नाही. आत गेली आणि आपली शिफॉनची ओढणी घेऊन आली. ओढणीचं एक टोक चिमटीत धरून तिने ते कपाटाच्या कडेवरून फिरवायला सुरुवात केली. अगदी खालपासून वरपर्यंत, सावकाश. भाचीने श्वास रोखून धरला होता. डावी बाजू झाली, काही नाही. उजव्या बाजूला, आतल्या कोपऱ्याशी, ओढणी अडली. बारीकसा धागा निघाला. पुढे हात टेकायच्या फळीखाली आणखी एकदा अडली.

"दोन जागा," ताई म्हणाली आणि ओढणीची घडी घालू लागली.

मला वाटलं, आता भाची चिडणार. दिवसभर खपून दोनच तर जागा! पण तिने त्या दोन जागांवर खडूने फुल्या केल्या. एकीकडे मायक्याची कड पट्टीच्या वर केसभर उभी राहिली होती. ती तिने बारीक कानशीने तिरकी घासली. दुसरीकडे पट्टीच उचलली गेली होती. ती ओढून काढली, दांड्याला आणखी दोन काप दिले, हेअर ड्रायरने गरम केली आणि पुन्हा ठोकली. दिवे लागले होते. तिने स्वतःच आईच्या हातात ओढणी दिली. "आता बघ."

या वेळी ओढणी पूर्ण कपाटाला वळसा घालून आली. कुठेही अडली नाही.

कपाट हॉलमध्ये आलं. छोटा सोफ्याच्या मागून बघत होता. कुणी त्याला बोलावलं नाही. ताईने तशी सगळ्यांना ताकीदच दिली होती. भाची एकटी खेळत राहिली. चिंचा पडत होत्या, मधमाश्या गुणगुणत होत्या. थोड्या वेळाने छोटा जवळ आला. आधी एकच बोट लावलं आणि पटकन मागे घेतलं. मग दोन बोटं. मग तळहात. आणि मग दोन्ही हातांनी फळीची कड धरून, चवड्यांवर उभा राहून त्याने आपली हनुवटीच त्या कडेवर टेकवली आणि पडद्याकडे बघू लागला. भाचीची पाठ आमच्याकडे होती. तिचा दगड नेमका पोळ्यावर बसला आणि खेळ संपला, तरी तिने नवा खेळ सुरू केला नाही. नुसती उभी राहिली.

दोस्तांनो, तुम्हीही घरी काही ना काही बनवत असाल. पक्ष्यांसाठी खोपा, पुस्तकांचं रॅक, विज्ञान प्रदर्शनाचं मॉडेल. ते उभं राहिलं, चालू झालं की आपल्याला वाटतं, झालं! पण वापरणाऱ्या माणसाची आणि त्या वस्तूची पहिली गाठ कडेपाशीच पडते. तुमच्या वस्तूच्या जवळ कोण कोण येणार आहे आणि त्यांचे हात, गुडघे, डोळे किती उंचीवर आहेत, हे एकदा टेप घेऊन मोजा. सुरुवात करायची असेल तर लाकडाचा एखादा टाकाऊ तुकडा घ्या. आधी जाड, मग मध्यम, मग बारीक काचकागदाने त्याची कड गोल करा. धाग्यांच्या दिशेनेच घासा, आडवं नको. मग आईची परवानगी घेऊन ओढणी फिरवून बघा!

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. छोटा पाच वर्षांचा झालाय, आणि ती कड आता त्याच्या खांद्याशी येते. उजव्या बाजूला, जिथे सगळे हात टेकतात, तिथे पट्टी थोडी घासली आहे. मागे मागवलेली ती जादा दोन फूट पट्टी भाचीने गुंडाळून कपाटाच्या आतच एका खिळ्याला टांगून ठेवली आहे. तिला एक चिठ्ठी बांधली आहे. वर लिहिलंय, "छोट्यासाठी. बदलायची वेळ आली की बदल. खाच तयार आहे."